दोन खुणा मागे

गुरुनाथरावांचा जुना पिकअप ट्रक आजही काळा धूर सोडून बंद पडला. हूड उघडून ते वाकले, कार्बोरेटरच्या, इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या ऑटोमॅटिक चोकचे तीन स्क्रू सैल केले, गोल झाकण दोन खुणा मागे फिरवलं आणि स्क्रू परत आवळले.

“काल इथेच सेट केलं होतं गं. फिरतं कसं हे?”

“अहो, जुनी गाडी. चालायचंच,” चहा घेऊन गराजमध्ये आलेली सुनेत्रा म्हणाली.

ट्रक सुरू झाला. पण तोवर, रोजच्यासारखंच, आपण कुठे निघालो होतो ते गुरुनाथराव विसरून गेले होते. इंजिन बंद करून त्यांनी स्क्रूड्रायव्हर बायकोपुढे धरला.

“ट्रक डोनेट करून टाक. माणसांची नावं गेली, रस्ते गेले. म्हटलं, निदान हे तरी हातात राहील. आता तेही गेलं.”

“असं काय बोलता? हात अजून तस्सेच आहेत तुमचे.”

“मग रोज चुकतं कसं?”

सुनेत्राने स्क्रूड्रायव्हर न घेता चहाचा कप पुढे केला. मागच्या महिन्यात दूध आणायला म्हणून गेलेले ते दोनशे मैलांवर सापडले होते. डॉक्टरांनी ड्रायव्हिंग बंद करायला सांगितलं, पण तिने किल्ली मागितली तेव्हा ते हुंदके देऊन रडले. म्हणून किल्ली तिने त्यांच्याच खिशात राहू दिली. आणि तेव्हापासून रोज सकाळी ते आंघोळीला गेले की ती इथे येऊन, त्यांनीच कधीकाळी शिकवलं होतं तसं, ते झाकण दोन खुणा पुढे फिरवून ठेवत होती.