तांदळातला खडा

ईशा मैत्रिणीबरोबर बसने व्हिएतनाम पालथा घालत होती आणि सकाळपासून तिचा एकही मेसेज नव्हता. परदेशातल्या, सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये मनोहरच्या येरझाऱ्या चालू होत्या. तीस वर्षं बोटीवर काढलेला गडी, पण लेकीच्या बसने त्याच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. त्याची बायको विद्या मात्र मांडीवर ताट घेऊन तांदूळ निवडत बसली होती.

"अगं, पाच तास झाले! काळजी म्हणून काही आहे की नाही तुला?"

"तुम्ही बोटीवर असताना महिना-महिना फोन नसायचा," ती मान वर न करता म्हणाली. "तेव्हापासूनची सवय आहे मला."

तो तिच्याशेजारी टेकला. त्याने ताटात पाहिलं.

सुपरमार्केटच्या पाकिटातले तांदूळ. इथे आल्यापासून त्यात कधी एक खडा निघाला नव्हता.