फोटोला हार

हार घालायला हात वर केला आणि अंबूबाई थबकली. फोटोतला पोरगा हसत होता. सभागृहाच्या भिंतीभर असेच पोरगे, परक्या मुलखातले.

नाशिकजवळच्या मखमलाबादहून झेंडूचे हार घेऊन ती सकाळीच आली होती. मागवणाऱ्या प्रतिभाताई कॉलेजात शिकवत. जगात कुठेही माणसं मारली गेली की त्यांना झोप लागत नसे, आणि मग त्या नाशिककरांनाही लागू देत नसत. यंदा बोस्निया होता. संध्याकाळी प्रदर्शनाचं उद्घाटन, पाहुणे येणार, म्हणून हार.

अंबूबाईच्या घरीही संध्याकाळी एका फोटोला हार घालायचा होता. तिच्या पोराच्या, नवनाथच्या. तो कुवेतला ड्रायव्हर होता. तिथे लढाई पेटली, बाकीचे विमानाने परतले, तो आला नाही. सात वर्षांनी सरकारसुद्धा माणूस मेला असं धरतं, दीर म्हणाला. तिने नाइलाजाने मान डोलावली. पण अजूनही फाटक वाजलं की ती हातातलं काम टाकून धावायची.

हे सगळे कधी गेले, असं तिने विचारलं. गेले की आहेत हे कुणालाच ठाऊक नाही, प्रतिभाताई म्हणाल्या. लढाईत धरून नेले, परत आले नाहीत. या त्यांच्या आया, असं म्हणत त्यांनी एक मोठा फोटो दाखवला. डोक्याला रुमाल बांधलेल्या बाया भर रस्त्यात उभ्या होत्या. प्रत्येकीने पोराचा फोटो छातीशी धरला होता. अंबूबाई बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली.

"मग मी नाय घालायची हार," ती म्हणाली. "यांच्या आया अजून वाट बघत्यात."

हारांशिवाय कार्यक्रम कसा दिसेल, हे आधी प्रतिभाताईंच्या मनात आलं. मग त्यांची त्यांनाच लाज वाटली. भिंतीवर आधीच घातलेले हार त्यांनी स्वतः उतरवले. अंबूबाई टोपली तिथेच ठेवून घरी गेली.

संध्याकाळी गर्दी झाली. चेहरे बघत बघत पाहुणे दारापाशी आले. तिथे अंबूबाई उभी होती, छातीशी एक फोटो धरून. पाहुण्यांनी वाकून तो नीट पाहिला.

"मावशी, हा कुठल्या देशातला?"

"मखमलाबादचा," ती म्हणाली. "तुमाला कुठं दिसला का?"