कॉलेज सोडल्याचा दाखला

टपरीवर दुसरा चहा आला तरी श्रीरामने दाखल्याचा विषय काढला नव्हता. समोर त्याचा मुलगा नचिकेत चहात खारी बुडवून खात होता. त्याला अठरा पूर्ण होऊन दोनच महिने झाले होते. सेलूच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्यांचं वजन करायचं आणि पावत्या फाडायच्या, हे काम त्याला लागलं होतं. शर्टाच्या बाह्यांना कापूस चिकटला होता.

"तुमाला घाई नाही ना?" नचिकेतनं विचारलं.

"नाही रे. खा तू."

घाई होती. पाथरीत वकील वाट बघत होता. घटस्फोटाच्या वेळच्या तडजोडीत स्वच्छ लिहिलं होतं, मुलाचं शिक्षण सुरू आहे तोवर वडिलांनी पोटगी द्यायची. शिक्षण सुटलं की पोटगी संपली. गेल्या बारा वर्षांत श्रीरामने एकही महिना चुकवला नव्हता आणि याचं त्याला स्वतःलाच फार कौतुक होतं. पण आता दुसऱ्या संसारातल्या मुलीला, भक्तीला, इंग्रजी शाळेत घालायचं होतं, घराचा हप्ता होता. नचिकेत तर बी.एस्सी.च्या पहिल्याच वर्षाला. पुढे एम.एस्सी. करतो म्हणाला तर? पोरगा हुशार होता, हीच पंचाईत होती.

ती पंचाईत श्रीरामने सोडवली होती. कशी सोडवली, ते घरी बायकोलाही ठाऊक नव्हतं. जिनिंगचा मॅनेजर महारुद्र हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त. दिवाळी झाल्यावर श्रीरामने त्याला फोन केला. पोराला बोलावून घे, काट्यावर बसव, पगार जरा बरा सांग. कायम करायचं तर कॉलेज सोडल्याचा दाखला आण म्हणावं. आणि माझं नाव कुठं घेऊ नको.

"सीझन मार्चमधी खतम होतो, श्रीराम," महारुद्र म्हणाला होता. "मंग पोरगं काय करील? कॉलेज बी गेलं अन् काम बी गेलं."

"पुढचं पुढं बघू."

हे आपलं उत्तर तेव्हापासून त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. तो शाळेतला कारकून. पोरगं शाळेत यायचं थांबलं की घरी जाऊन आईबापांना हात जोडायचा, एवढं वर्ष तरी पुरं करू द्या म्हणायचा. वीस वर्षं हे केलेल्या माणसाने स्वतःच्या पोराला मात्र गुपचूप बाहेर काढलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटत होती, आणि ती कुणाजवळ बोलायची सोय नव्हती.

वर पोरगा खूश होता. पूर्वी वर्षातून दोनदा भेटणारा बाप आता दर शनिवारी पाथरीहून एसटीने यायचा. मनाला टोचणी होती म्हणून यायचा, पण ते नचिकेतला काय माहीत? शनिवारी तो केस विंचरून जिनिंगच्या फाटकापाशी उभा असायचा.

"आई काय म्हणते?" श्रीरामने विचारलं.

"बोलत नाही. डबा करून देते फक्त. परवा म्हणायली, कुणी भरवलं हे तुझ्या डोक्यात?"

"मग?"

"म्हटलं, माझं मीच ठरवलं."

श्रीरामने पेला खाली ठेवला. काहीतरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं, "पुस्तकं विकलीस का?"

"नाही. इथंच काट्यावर आणलीत. गाड्या कमी असल्या की वाचत बसतो. फिजिक्स लय सोपं वाटायलंय आता, परीक्षा नाही म्हणून असेल."

नचिकेत हसला. श्रीरामला हसता येईना. वकील, हप्ता, इंग्रजी शाळा, सगळं एका बाजूला राहिलं आणि तो एकदम बोलून गेला.

"नचिकेत, तू परत कॉलेजला जा. ऐक माझं. महारुद्रला मी समजावतो."

बोलल्यावर त्याने जीभ चावली. महारुद्रला आपण ओळखतो हे पोराला कळू द्यायचं नव्हतं. पण नचिकेतने काहीच विचारलं नाही. तो खारीचा चुरा बोटाने गोळा करत होता. पोराच्या ध्यानात आलं नाही म्हणून श्रीरामला हायसं वाटलं.

"अन् खर्चाचं?" नचिकेत म्हणाला.

"मी आहे ना. तुला किती शिकायचं तेवढं शिक."

बारा वर्षांत पहिल्यांदाच तो हे मनापासून बोलला होता. आता वकिलाला फोन करून नाही म्हणायचं, एवढंच राहिलं होतं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं.

"नाव तर सोमवारीच कमी झालं, बाबा. या वर्षी परत घेत नाहीत, मी विचारलं." नचिकेतने खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि घडी घातलेला कागद पुढे केला. "हे तुमच्यासाठीच आणलंय. झेरॉक्स जिनिंगच्या ऑफिसात दिली, मूळ प्रत तुमीच ठेवा."

श्रीरामने तो मागितलाही नव्हता. त्याने घडी उलगडली. वीस वर्षं असलेच कागद लिहिलेला माणूस, नजर आपोआप रकान्यांवरून उतरत गेली. नाव. जन्मतारीख. वर्तणूक, चांगली. सोडण्याचे कारण, पालकांच्या विनंतीवरून. हे त्याने स्वतः शेकडो वेळा लिहिलं होतं, कारण काहीही असो. पण इथे 'पालकांच्या' या शब्दावर लाल शाईची रेघ होती. वर दुसरा शब्द होता, 'वडिलांच्या', आणि शेजारी कारकुनाची सही नि शिक्का.

"त्यांनी सवयीनं लिहिलं होतं," नचिकेत म्हणाला. "मी बदलून घेतलं. पालकांत आई पण येते ना."