शिंगट्यांचा हेका

टेबलावरच्या डब्यातून दत्तोबा शिंगटे तावातावाने बोलू लागले, तसे जाधवर वकील म्हणाले, "शिंगटे गेले, पण हेका इथेच ठेवून गेले!"

सगळे हसले. कुसुमताईही हसल्या. कराडच्या चित्रपट मंडळाने जुन्या चर्चांच्या ध्वनिफितींवरून दत्तोबांचा आवाज आणि अक्कल दोन्ही त्या डब्यात उतरवली होती. नवऱ्याला जाऊन वर्ष झालं, तरी कुसुमताई दर शनिवारी त्याच्याशी वाद घालायला यायच्या.

आज वाद जुनाच निघाला. एका जुन्या सिनेमाच्या शेवटी बाई घर सोडून जाते, ते बरोबर की चूक? दत्तोबा जन्मभर चूक म्हणत आले. त्यापायी घरात कितीदा अबोला झाला होता.

"तिनं तिथं राहून करायचं काय होतं?" कुसुमताईंनी विचारलं आणि बोलणी खायच्या तयारीने पदर खोचला.

"पटलं तुझं," डबा म्हणाला. "तिनं जायलाच हवं होतं."

"जिंकलात, वहिनी!" जाधवरांनी टाळी वाजवली.

हे ऐकायला कुसुमताईंनी संसारभर वाट पाहिली होती. मग आनंद का होईना? गेलेलं माणूस शहाणं झालं होतं, की त्याच्या आवाजात दुसरंच कोणी बोलत होतं?

त्या डब्याजवळ वाकल्या. "अहो, असं काय करता? भांडा की माझ्याशी."

"भांडतो की," आवाज मायेनं म्हणाला. "तू म्हणशील तसं."

वर्षभर न आलेलं रडू कुसुमताईंना सगळ्यांदेखत कोसळलं.