चाळणीत अडलेले आकडे

"आकडा फेकण्याआधी तो तिथं कशाला आला होता, एवढं त्याला विचारत जा, पोरी," असं टेकडीकाकांनी तिला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. ती हसली होती. दिवसाला लाखभर आकडे येणार; एकेकाची विचारपूस कुठं करत बसायची?

टेकडीकाका हे नाव तिनंच ठेवलेलं. ती हवेचा अंदाज करणाऱ्या विभागात होती. उद्या-परवा हवेत धूळ किती, धूर किती, ओझोन, कार्बन मोनॉक्साइड किती, हे संगणकातलं मॉडेल सांगायचं. पण त्याला आधी सांगावं लागे की सुरुवातीच्या तासाला हवेत काय होतं. तिथं चूक झाली की पुढचं सगळंच फसलं. हे सुरुवातीचे आकडे चालू दिवसाचे असले तर यंत्रांकडून आपोआप येत; मागच्या दिवसांचे मात्र ती मागणीपत्र भरून मागवायची. दूरच्या एका टेकडीवर मोजणीचं केंद्र होतं, एकाच खोलीत यंत्र आणि खाट, आणि तिथं एकटे काका. मागणीपत्राची एक प्रत टेकडीखालच्या कचेरीतही जाई. ती तिथं कुणी वाचतं की नाही, देव जाणे.

तिची मुलगी तीन वर्षांची. धुराचे दिवस आले की पोरीची छाती घरघरायची. दोन दिवस आधी कळलं असतं तर तिला घरात ठेवता आलं असतं. तिलाच कशाला, गावातल्या सगळ्याच पोरांना. विभागप्रमुख बाईंनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली होती. मागच्या धुराच्या दिवसांवरचे प्रयोग जमले तर हा अंदाज रोज सुरू होणार, नाहीतर काम बंद.

त्या काळजीत ती कचेरीतून घरी चार-चारदा फोन करायची. "आई, तिचा श्वास नीट चाललाय ना?"

"अगं, मघापासून माझ्याशी भांडतेय. श्वास न घेता कुणी एवढं भांडतं का?"

काकांचं मात्र तिला फार कौतुक. इतर केंद्रांकडून नुसते आकडे यायचे, यांच्याकडून सोबत चिठ्ठी. "मंगळवारी पाखरानं यंत्रासाठी बाहेरची हवा ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी काड्या रचल्या. तासाभराचे आकडे धरू नका." एकदा तिनं सहा वर्षांपूर्वीचा एक दिवस मागितला, तर त्यांनी जुन्या वह्या उपसून कळवलं, की त्या आठवड्यात केंद्रातलं घड्याळ अकरा मिनिटं पुढं होतं. माणूस असावा तर असा, असं ती सगळ्यांना सांगत सुटली.

या हिवाळ्यात तर त्यांनी कमाल केली. "बोटं आखडतात म्हणून तुझे आकडे रखडायला नकोत. फटी कागदानं बुजवल्या, कोळशाची शेगडी आणली. आता बसल्या बैठकीला काम होतं." पुढच्या चिठ्ठीत होतं, "छतावरून येणाऱ्या नळीचा सांधा खाटेजवळ सैल झालाय, नवा मागवलाय. यंत्र तीनदा तपासलं, ठीक आहे, तरी आकडे जास्त येतायत. तूही बघ."

तिनं बघितलं नाही. त्यासाठी चाळणी होती. मॉडेलच्या अंदाजापासून फार लांबचा आकडा आला की चाळणी तो आपोआप बाजूला काढायची. त्या यादीला विभागात सगळे कचरायादी म्हणत. सांधा सैल म्हणजे आकडा खराब; त्यात बघायचं काय?

मग एकदा चुकून भलत्याच तारखेचे आकडे आले. "डोकं जड होतं. माफ कर, पोरी." दुसऱ्या दिवशी बरोबरचे आले.

"डोकं ठणकत असताना बसून पाठवले गं त्यांनी," तिनं आईला सांगितलं. काकांना तिनं लगेच लिहिलं: "काका, बाहेर थंडीत अजिबात फिरू नका. दार लावून, उबेला पडून राहा. ऐकायचं हं माझं!"

"ऐकतो," एवढंच उत्तर आलं. त्यानंतर मंगळवारी, "आज झोप फार."

गुरुवारी सकाळी प्रयोगांचे निकाल आले. धुराचे पाचही दिवस मॉडेलनं दोन दिवस आधी ओळखले होते. प्रमुख बाई स्वतः तिच्या टेबलाशी आल्या.

"शाबास! आता पोरीला घरी कधी ठेवायचं ते तुझं तुलाच कळेल. अहवालाला तेवढी कचरायादी जोड, म्हणजे झालं."

तिनं पहिलं काय केलं, तर काकांना फोन लावला. निम्मं श्रेय त्यांचंच होतं. फोन वाजून वाजून थांबला. झोपले असतील, असं म्हणून तिनं जोडण्यासाठी यादी उघडली.

यादी लांबलचक होती. सगळे आकडे टेकडीचे, आणि सगळे एकाच वायूचे, कार्बन मोनॉक्साइडचे. पहिला आकडा शेगडी आणली त्या संध्याकाळचा. रोज रात्रभर चढायचे, सकाळी काका छतावर जायला दार उघडत तेव्हा उतरायचे. सोमवारी तिनं दार लावून पडून राहायला सांगणारं पत्र पाठवलं होतं. मंगळवारी सकाळी आकडे उतरले नव्हते. बुधवारीही नाही.

तिनं पुन्हा फोन लावला. मग खालच्या कचेरीला. तो कुणी उचलेना. एका हातानं तोच नंबर फिरवत दुसऱ्या हातानं तिनं मागणीपत्र उघडलं. 'कोणते आकडे हवेत' या रकान्यात तिनं लिहिलं:

"आकडे नकोत. ते टेकडीचे नव्हतेच, खोलीचे होते. हे जो कोणी वाचत असेल त्यानं हातातलं टाकून वर जा, दार-खिडक्या सताड उघडा, आणि काका उठतात का बघा."