स्वतःच्या गाड्या

"त्या गाड्या तुमच्या नाहीत, हे तुम्हाला माहीत होतं की नव्हतं?" लवादांनी विचारलं.

"सांगते," ती म्हणाली, आणि पाण्याचा ग्लास तिनं शेजारी बसलेल्या वडिलांच्या हाताशी सरकवला.

समोर काचकारखान्याचे मालक बसले होते. माल पोचवायचं सगळं काम त्यांनी मोठ्या विश्वासानं या बापलेकीच्या वाहतूक कंपनीवर सोपवलं होतं. बरण्यांचा चुरा होऊन पोचायला लागला तेव्हा त्यांनी चौकशी केली. कंपनीकडे स्वतःची एकही गाडी नव्हती. होत्या त्या केव्हाच विकल्या गेल्या होत्या. माल नेत होते ते भाड्याचे ट्रक, आणि काच काय नि वाळू काय, सारखीच मानणारे ड्रायव्हर.

"गाड्या भाड्याच्या आहेत म्हणाले असते, तर मी करारच केला नसता," मालक म्हणाले. आवाजात रागापेक्षा दुखावलेपण जास्त होतं. "पण यांनी एकेका गाडीचं वर्णन केलं. कुठली चढावर धापा टाकते, कुठलीचं दार लाथ घातल्याशिवाय लागत नाही. खोटं बोलणाऱ्याला इतकं सुचेल, असं वाटलंच नाही हो मला."

लवाद वडिलांकडे वळले. "तुम्ही असं बोललात?"

"बोललो की," वडील ताठ मानेनं म्हणाले. "कधीही या, बघून जा. दारात उभ्या आहेत गाड्या."

मालकांनी कपाळावर हात मारला. "बघा! अजून तेच. पापणीसुद्धा लवत नाही!"

"बाबा, पाणी घ्या," ती घाईनं म्हणाली.

तिच्या वकीलबाईंनी लवादांची परवानगी काढली आणि तिला बाहेर नेलं.

"तुम्ही कराराच्या त्या बैठकीला नव्हतातच. वडिलांच्या तोंडून चुकीचं गेलं, फसवायचा हेतू नव्हता, एवढं आपण पटवून देऊ. करार रद्द होईल, पण भरपाई टळेल. घर वाचेल तुमचं."

"पटवायचं म्हणजे बाबांना प्रश्न विचारणार?"

"विचारावेच लागतील. समोरचे वकीलही विचारतील, चांगले खोदून खोदून."

तिनं दाराच्या काचेतून आत पाहिलं. वडील कोटाची बटणं चाचपत बसले होते. उभा जन्म लोकांनी त्यांच्या शब्दावर माल सोडला होता. कुणी साधी पावती मागितली नव्हती.

"नको," ती म्हणाली.

आत गेल्यावर ती बसलीच नाही.

"मीच त्यांना तसं सांगायला लावलं," ती म्हणाली. "गाड्या विकल्यात हे मला पक्कं माहीत होतं. काम हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. बाबांचा यात काही दोष नाही."

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले.

मालक तिच्याकडे वळले. "तरीच!" ते म्हणाले. "हा माणूस आपणहून असं करणं शक्यच नाही. बापाला खोटं बोलायला लावलंत? या वयात? आता या धंद्यात तुमच्या हाती कुणी खिळासुद्धा सोपवणार नाही."

तिनं मान खाली घातली. निकाल काय लागणार, हे आता कुणी सांगायला नको होतं.

निघताना मालकांनी वडिलांचा हात दोन्ही हातांत घेतला. "तुमच्यावर राग नाही हं माझा." वडील प्रसन्न हसले.

बाहेर येऊन तिनं मोटारीचं दार उघडून धरलं. वडील आत बसले नाहीत. संकोचून तिथंच थांबले.

"बाई, आत फार बोलले हो तुम्हाला ते लोक," ते अदबीनं म्हणाले. "मनाला लावून घेऊ नका. मला जरा लवकर घरी सोडाल का? गाड्या परतायची वेळ झाली, आणि फाटकाशी माझी मुलगी एकटीच असेल."