परिषदेची पिशवी

वार्षिक वैद्यकीय परिषद संपली. सभागृहाच्या फाटकाशी डॉक्टरांचे नातेवाईक धास्तावून उभे होते. गजाननराव मात्र दरवर्षीसारखे मुलीच्या, मृणालच्या हातातली परिषदेची पिशवी घ्यायला आले होते. त्या पिशवीतूनच त्यांच्या घरी वर्षभर भाजी यायची.

परिषदेत आता भाषणं होत नसत. नवं वैद्यक थेट डोक्यात भरत आणि जागा करायला जुनं काहीतरी पुसत. काय पुसलं जाईल ते कुणाच्याच हाती नव्हतं. एकदा मृणालचं पोहणं गेलं, गेल्या वर्षी आईच्या आवाजाची आठवण. पण परिषद चुकवली की डॉक्टरकीचा परवाना रद्द.

मृणाल बाहेर आली. गजाननरावांनी पिशवी घेतली.

"काय गं, यंदा काय देऊन आलीस? स्वयंपाक गेला असेल तर नुकसान नाही," म्हणता म्हणता ते खोकले.

मृणालने स्टेथोस्कोप काढून त्यांच्या छातीला लावला. कालपर्यंत कुणालाच न कळणारा आजार तिला लगेच कळला.

"काका, वेळेत सापडलंय. औषध घेतलंत की बरे व्हाल. सोबत कुणी आहे का तुमच्या?"

गजाननरावांनी पिशवीची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"मुलगी आहे," ते म्हणाले. "डॉक्टर आहे. परिषदेला गेलीय. अजून बाहेर आली नाही."